घरातली पेढी आणि तब्येतीचा हिशेब



25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, त्या गोष्टीला आता बरीच वर्षे लोटली. आता तो विषय कशाला काढायचा, असे काहीजण म्हणतील. पण जरा विचार करा. आज आपला अर्धा धंदा मोबाइलवर चालतो. सुताचा भाव व्हॉट्सअॅपवर येतो, कापडाचा नमुना फोटोत जातो आणि पैसे घरबसल्या खात्यात जमा होतात. घरून काम करण्याची ही सवय आपल्याला टाळेबंदीनेच लावली. घरून काम करताना तंदुरुस्ती आणि हिंमत कशी राखावी, हे मात्र फार थोडे लोक शिकले. मी स्वतः ठोकर खाऊन शिकलो. ते इथे मांडतो.

लूम थांबले, झोप उडाली

आमच्या मालेगावात लूमची खटखट फक्त जुम्याच्या सुट्टीला थांबते. मार्च 2020 मध्ये ती थांबली आणि कित्येक आठवडे सुरू झाली नाही. आयुष्यभर त्या आवाजात झोपलेल्या माणसांना शांततेत झोप येईना. एप्रिल 2020 मध्ये शहरात आजार पसरला. मोहल्ल्यातून जनाजे निघत आणि नियमाप्रमाणे त्यांना जास्तीत जास्त वीस माणसांनाच जाता येई. जवळच्या माणसाला खांदाही देता आला नाही, याचा सल अनेकांच्या मनात आजही आहे.

माझे ग्रे कापड पाली आणि बालोतऱ्याला प्रोसेससाठी जाते. तिकडचे कारखाने बंद होते. गठाणी गोदामात पडून होत्या, चेक बँकेत जायचे होते आणि सूतवाल्याचे फोन येत होते. मी पलंगावर बसूनच पेढी चालवू लागलो. पाठीला तक्क्या, हातात मोबाइल, समोर टीव्हीवरच्या बातम्या आणि दर तासाला गोड चहा. उठलो तर जेवायला, नाहीतर वुजूला. रात्री दोन वाजेपर्यंत जागरण आणि सकाळी दहापर्यंत झोप. मला मधुमेह आहे. तीन आठवड्यांनी घरातल्या यंत्रावर तपासले तर उपाशीपोटी साखर 210 निघाली. कंबर धरली होती. घरात मुलांवर विनाकारण ओरडत होतो.

तेव्हा लक्षात आले की पेढीवर जाण्यात फक्त धंदा नव्हता. घरून निघणे, जिना चढणे, गोदामात दहा फेऱ्या मारणे, चार माणसांशी दोन शब्द बोलणे, हे सगळे औषधासारखे होते. टाळेबंदीत ते औषध बंद झाले होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

निजामुल औकात

आमच्या उर्दू शाळेत वेळापत्रकाला निजामुल औकात म्हणत. वर्गाच्या भिंतीवर तो कागद चिकटवलेला असे. मी तसाच एक कागद घरात चिकटवला. फजरनंतर झोपायचे नाही, गच्चीवर अर्धा तास चालायचे. नऊ वाजता आंघोळ करून, घरातले कपडे बदलून कामाला बसायचे. बसायचे ते पलंगावर नव्हे, खुर्चीवर. एक ते तीन जेवण व आराम. असरनंतर कामाचा फोन बंद. बातम्या दिवसातून एकदाच, त्याही संध्याकाळी.

कामासाठी जागाही ठरवली. खिडकीजवळ मुलाचे अभ्यासाचे टेबल होते, तेच माझी पेढी झाले. त्या टेबलावर जेवण नाही आणि पलंगावर धंदा नाही, हा नियम केला. घर लहान असेल तर वेगळी खोली कुठून आणायची, असे कुणी विचारेल. खोलीची गरज नाही. एक कोपरा, एक चटई, एक उलटी पेटी पुरते. तेथून उठल्यावर काम संपले, हे मनाला कळले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्ये सांगितलेले प्रमाण प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायामाचे आहे. म्हणजे रोज अर्धा तास झपाट्याने चालले, तर पाच दिवसांत 150 मिनिटे होतात. गच्ची नसेल तर जिना आहे. जिना नसेल तर फोनवर बोलताना खोलीत चालता येते. मी सूतवाल्याशी भावाची घासाघीस चालता चालताच करू लागलो. पंधरवड्यात साखर उतरू लागली. अर्थात डॉक्टरांची गोळी चालू होती. चालणे गोळीची जागा घेत नाही.

भीतीचा उपाय वही

तब्येत निम्मी बिघडते ती बसण्याने आणि निम्मी काळजीने. हात रिकामे असले की डोक्यात एकच हिशेब शंभर वेळा फिरतो. मी एक वही घेतली आणि देणे, घेणे व गोदामातला माल तीन पानांवर लिहून काढला. रक्कम मोठी होती, पण मनात होती त्यापेक्षा लहान निघाली. अंधारात दोरीचा साप दिसतो, तसे हे असते.

त्या काळात 27 मार्च 2020 रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली आणि पुढे ती 31 ऑगस्टपर्यंत वाढवली. पुष्कळांना वाटले की हप्ते माफ झाले. हप्ते थांबले तरी व्याज चालूच होते. ज्याने वही मांडली होती त्याला हे वेळीच समजले. ज्याने मांडली नाही, त्याच्या डोक्यावर सप्टेंबरमध्ये ओझे आले.

दुसरे काम म्हणजे रोज पाच फोन. त्यांपैकी तीन देण्याघेण्याचे आणि दोन फक्त खुशाली विचारण्याचे. देणेकऱ्याला मी स्वतःहून फोन करून सांगितले, पैसे आज नाहीत, बुडवणार नाही, लूम सुरू झाल्यावर दर आठवड्याला इतके देईन. ज्याला आधी कळवले तो रागावला नाही. ज्याच्यापासून तोंड लपवले तोच रागावला. टाळेबंदी उठल्यावर मला उधारीवर सूत मिळाले, ते त्या फोनांमुळेच.

रमजान घरात

25 एप्रिल 2020 रोजी रमजान सुरू झाला. वबा असलेल्या वस्तीत जाऊ नये आणि तेथून बाहेर पडू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकलेली. त्यामुळे तरावीह घरातच झाली. छतावर बाप-लेक सफ लावून उभे राहिले. खरे सांगायचे तर त्या महिन्यात माझे मन सर्वांत शांत होते, कारण सहरी, इफ्तार आणि नमाज यांनी दिवसाला आपोआप चौकट दिली. चूक एकच होई. बाहेर जाणे नाही आणि इफ्तारला भजी, समोसे मात्र रोजच्यासारखे. ज्यांना साखर किंवा रक्तदाब आहे त्यांनी रोज्यांपूर्वी डॉक्टरांना विचारून औषधाच्या वेळा बदलून घ्याव्यात. हे आजही तितकेच जरुरीचे आहे.

खाला जे बोलल्या

आता मुख्य गोष्ट. आमच्या गल्लीत एक खाला आहेत. तीस वर्षांपासून घरात कांडी भरतात. मजुरी नगावर. टाळेबंदी लागली तेव्हा त्यांचे दोन आठवड्यांचे 1,850 रुपये माझ्याकडे बाकी होते. लूम सुरू झाल्यावर देऊ, असे म्हणून मी ते ठेवून घेतले होते. वही मांडताना मोठ्या व्यापाऱ्यांची देणी लिहिली, पण ही रक्कम लिहायचीच राहिली.

रमजानच्या आधी त्या तोंडाला ओढणी बांधून दारात आल्या. पैसे मागितले नाहीत. माझी तब्येत विचारली. मी सांगितले, खाला, घरात बसून काम करून कंबर गेली, डोळे दुखतात, जीव घाबरतो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "भाई, तुम्हाला महिना झाला. आम्ही तर तीस वर्षे अशाच बसलोय."

मला उत्तर सुचले नाही. आत जाऊन पैसे आणले आणि पुढच्या कामाचे थोडे आगाऊ दिले. पण ते वाक्य मनातून गेले नाही. घरून काम ही आपल्याला नवी अडचण वाटली. आपल्याच धंद्यात कांडी भरणाऱ्या, साडीला गोंडे बांधणाऱ्या, कापडाचे धागे कापणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या घरातूनच काम करत आल्या. जमिनीवर बसून, अपुऱ्या उजेडात, सुताचे बारीक तंतू श्वासात घेत. सुताच्या धुळीने फुफ्फुसांचा आजार होतो, हे डॉक्टर फार पूर्वीपासून सांगत आहेत. त्यांच्या कंबरेची आणि डोळ्यांची चौकशी आपण कधी केली होती?

आज काय करावे

लूम सुरू झाल्यावर मी माझ्याकडे काम करणाऱ्या घरांत काही बदल केले. खर्च फार आला नाही. कांडीचे यंत्र उंच पाटावर ठेवले आणि बसायला स्टूल दिले. यंत्र खिडकीजवळ हलवले आणि एक चांगला दिवा लावला. तोंडाला कापड बांधण्याची सवय टाळेबंदीने लावलीच होती, ती सोडू नका असे सांगितले. तासाभराने उठून पाच मिनिटे चालायचे. आणि मजुरी दर जुमेरातीला रोख, बाकी ठेवायची नाही. खाला सांगतात की आता रात्री कंबर कमी दुखते. आणि कांडी पूर्वीपेक्षा कमी तुटते, हा माझा फायदा.

26 ऑगस्ट 2021 पासून असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली आहे. 16 ते 59 वर्षांच्या घरकामगार कारागिरांची त्यात नोंद होते. आपल्या मोहल्ल्यातील किती बायकांची झाली, याची चौकशी प्रत्येक व्यापाऱ्याने करावी. घरातल्या शिकलेल्या मुलाला बसवले तर एका संध्याकाळी दहा जणींचे काम होईल.

बांधवांनो, घरातली पेढी चालवायची असेल तर वेळ बांधून घ्या, पाय हलते ठेवा, हिशेब लिहून ठेवा आणि माणसांशी बोलत राहा. आणि देण्याची वही काढाल तेव्हा पहिल्या पानावर मोठ्या व्यापाऱ्याचे नाव लिहू नका. जी बाई आपल्यासाठी घरात बसून कांडी भरते, तिचे नाव आधी लिहा. मी आता तसेच लिहितो.