पावसाच्या झडीपासून भिंतींचें रक्षण व त्याच्या खर्चाचें अंदाजपत्रक

कोंकणपट्टींतील शेतकरी घराच्या छपराची जितकी काळजी वाहतो, तितकी भिंतीची वाहत नाहीं. मृग लागण्यापूर्वीं घर शाकारलेंच पाहिजे हें लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु पाऊस केवळ वरून पडत नाहीं, तो आडवाही येतो, याचा विचार भिंतीला ओल चढल्यावरच सुचतो. राजपुरीच्या खाडीकांठीं वसलेल्या आगरदांड्यासारख्या गांवांत तर हा आडवा पाऊसच खरा शत्रू होय. नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून खारें पाणी घेऊन येतो व आषाढ-श्रावणांत पश्चिमेकडील व दक्षिणेकडील भिंती आठ आठ दिवस सुकूं देत नाहीं.

या ओलीचा संबंध शेतीशीं काय, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, भाताची कणगी बहुधा अशाच एखाद्या भिंतीस टेकून उभी असते. बियाण्याच्या भातांतील ओल शेंकडा १३ हून अधिक असूं नये, असा नियम आहे. भिंत पाझरूं लागली म्हणजे कणगीचा तळ दमट होतो, बुरशी धरते, आणि पुढील वर्षीं रोप विरळ उगवलें म्हणजे आपण बियाण्यास दोष देतों. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असल्यामुळें पाणी शोषितो. मातीच्या भिंतीची तर गोष्टच निराळी.

प्रथम काय तपासावें

भिंतीस आच्छादन घालण्यापूर्वीं ओल कोठून येते हें पाहावें. जोत्यापासून दोन-तीन हात उंचीपर्यंतच ओल असेल, तर ती बहुधा जमिनींतून चढते. तिच्यावर पत्रा ठोकल्यानें ओल जात नाहीं, झांकली मात्र जाते. तेथें अंगणाचा उतार व पागोळ्यांचें पाणी वाहून नेणारा चर हाच उपाय होय. ओल वरपासून खालपर्यंत असेल, अथवा खिडकीच्या व आढ्याखालच्या भागीं अधिक असेल, तरच ती झडीची समजावी. ज्या बाजूस पडवी आहे, तेथें पडवीच्या वरचा भाग तेवढाच उघडा राहतो. पाखें हातभर पुढें काढून काम भागत असेल, तर तोच मार्ग स्वस्त पडतो.

मोजणी

एक घर उदाहरणादाखल घेऊं. पूर्व व पश्चिम भिंती ३० फूट, दक्षिण व उत्तर भिंती २४ फूट, उंची १० फूट. दक्षिणोत्तर भिंतींवर आढ्याखालील तिकोनी भाग ६ फूट उंच. चारी बाजू मिळून १,२२४ चौरस फूट होतात. बहुतेक गृहस्थ याच आंकड्यास दरानें गुणितात आणि हबकून काम सोडून देतात. परंतु झड चारी बाजूंनीं सारखी लागत नाहीं. पश्चिमेची भिंत ३०० चौरस फूट. तींतून दोन खिडक्यांचे २४ वजा जातां २७६. दक्षिणेची, तिकोनासह ३१२. दार व खिडकी मिळून ३३ वजा जातां २७९. पत्र्यावर पत्रा चढण्यास व कापांत वाया जाण्यास शेंकडा १५ धरिले, तर प्रत्येक भिंतीस सुमारें ३२० चौरस फूट माल लागेल. म्हणजे खरें काम ६४० चौरस फुटांचें आहे.

दर व तपशील

पुढील दर केवळ उदाहरणापुरते मानलेले आहेत; वाचकांनीं आपल्या बाजारांत चौकशी करून त्यांच्या जागीं खरे दर घालावे. पश्चिमेच्या एका भिंतीचा, जाड व रंगीत पत्र्याचा तपशील असा होईल :

पत्रे, ३२० चौ. फूट, दर ७० प्रमाणें — रु. २२,४००
पत्रे बसविण्याची चौकट व रिपा — रु. ९,६००
स्क्रू, रबरी चकत्या, कडेच्या पट्ट्या — रु. ३,२००
मजुरी व परांची — रु. ८,०००
मालाचें भाडें — रु. १,८००
भिंतीच्या भेगा बुजविणें — रु. ३,०००
एकूण — रु. ४८,०००

येथें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, पत्र्यांची किंमत एकंदर खर्चाच्या निम्म्याहूनही कमी आहे. जो केवळ पत्र्यांचा भाव विचारून कामास हात घालतो, त्याचें काम अर्ध्यावर अडतें. शिवाय शेंकडा १० शिल्लक, म्हणजे ४,८०० रुपये, निराळी ठेवावी. जुनी भिंत उघडल्यावर काय निघेल याचा भरंवसा नसतो.

कोणतें आच्छादन परवडतें

माडाच्या झावळ्यांचे झांप बांधण्याची आपली जुनी चाल आहे. झांप दरसाल नवे लागतात. चौरस फुटास मजुरीसह १२ रुपये धरिले, तर दोन भिंतींस वर्षाला ७,६८० रुपये होतात. पातळ पत्र्याचें काम सर्व मिळून ९० रुपये दरानें ५७,६०० रुपयांस होईल. खाऱ्या हवेंत तें ७ वर्षें टिकलें असें मानिलें, तर वर्षाला सुमारें ८,२३० रुपये पडतात. जाड पत्र्याचें काम वरील १५० रुपये दरानें ९६,००० रुपयांचें; तें १५ वर्षें टिकल्यास वर्षाला ६,४००. यावरून दिसेल कीं, प्रथमदर्शनीं स्वस्त वाटणारा पातळ पत्राच सर्वांत महाग आहे. पत्रा घेतांना जाडीबरोबर जस्ताचा लेप किती हेंही विचारावें. दर चौरस मीटरला १२० ग्रॅम व २७५ ग्रॅम अशा निरनिराळ्या प्रती मिळतात. समुद्रकांठीं हलकी प्रत घेऊं नये. ॲल्युमिनियम व जस्त यांचा मिश्र लेप असलेला पत्रा खाऱ्या हवेंत साध्या जस्ती पत्र्यापेक्षां अधिक टिकतो.

पण हा हिशेब स्वतःच्या पैशाचा झाला. कर्ज काढावयाचें झाल्यास तो पालटतो. दक्षिणेच्या भिंतीसाठीं ४८,००० रुपये शेंकडा १२ व्याजानें घेतले, तर एका वर्षाचें व्याजच ५,७६० रुपये होतें. तीच भिंत एक वर्ष झांपांनीं झांकली तर खर्च ३,८४०. म्हणून ज्याच्या हातीं पुरती रक्कम नाहीं, त्यानें यंदा पश्चिमेस पत्रा व दक्षिणेस झांप बांधावे, आणि पुढील वर्षीं दुसरी भिंत करावी. खत-बियाण्यासाठीं घेतलेलें पीककर्ज तर या कामीं कदापि वापरूं नये. भिंत एक वर्ष थांबूं शकते, लावणी थांबत नाहीं.

काम केव्हां व कसें करावें

वैशाखांत नांगरणी, बियाणें व खत यांचा खर्च एकदम येऊन पडतो. त्यांतच घराचें काम काढलें तर दोन्हींकडे ओढाताण होते. सुपारीचे पैसे हिवाळ्यांत हातीं येतात, तेव्हांच माल घेऊन ठेवावा. भिंत फाल्गुनापर्यंत उन्हांत पुरती सुकूं द्यावी व चैत्रांत पत्रे चढवावे. दि. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें, तेव्हां मुरूड व श्रीवर्धन भागांतील हजारों घरांचीं छपरें उडालीं, आणि पाऊस तोंडावर असतां जो तो पत्र्यांसाठीं धांवूं लागला. अशा घाईंत भाव पाहण्यास व प्रत पारखण्यास कोणास सवड राहत नाहीं.

पत्रा भिंतीस चिकटवून ठोकूं नये. मध्यें दोन इंच जागा सोडून ती खालीं व वर उघडी ठेवावी, म्हणजे वारा खेळून मागची ओल सुकते. नॉर्वेसारख्या पावसाळी देशांतही भिंतीबाहेरच्या लांकडी फळ्यांमागें अशीच मोकळी जागा सोडतात. पश्चिमेच्या भिंतीवर काम उत्तर टोंकाकडून सुरू करून दक्षिणेकडे न्यावें. तसें केल्यानें पत्र्यांच्या जोडांचीं तोंडें वाऱ्याच्या उलट बाजूस राहतात. पत्र्याचें खालचें टोंक जमिनीपासून निदान अर्धा फूट वर असावें. ओला चुना वा सिमेंट त्यास लागूं देऊं नये. गोठ्याच्या बाजूस गुरांचें मूत्र उडतें, त्यानें जस्त खाल्लें जातें. म्हणून तेथें खालचा भाग चिऱ्याचाच ठेवावा. वळचणीखालीं पाऊस पोंचत नाहीं व मीठ सांचून राहतें. तेवढा भाग वर्षांतून दोनदां गोड्या पाण्यानें धुवावा.

आमच्या वाचकांस आमची एवढीच सूचना आहे कीं, दुकानांत जाण्यापूर्वीं फीत घेऊन आपल्या घराभोंवतीं एक फेरी मारावी आणि वरील तपशील आपल्या आंकड्यांनीं कागदावर मांडावा. ज्या कामाचा आंकडा आधीं लिहिला जातो, तें काम कर्जावांचून पुरें होण्याचा संभव अधिक असतो. आणि कोरड्या भिंतीस टेकलेल्या कणगींतील बियाणें पुढील मृगास दगा देत नाहीं.