जुन्या लुगड्याचा बाळंतविडा

दुपारची जेवणे आटोपून भांडी घासायला काढावीत, आणि नेमकी तेव्हाच दारात बोहारणीची हाक यावी, हे तुमच्याही घरी घडले असेल. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत जुनेराचे गाठोडे. घरातली कोणीतरी ट्रंक उघडते, लुगडी बाहेर येतात, थोडी घासाघीस होते, आणि झाकणाचा एक स्टीलचा डबा घरात येतो. माझी आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या माहेरी असेच झाले. तिची चार सुती नऊवारी लुगडी मागे राहिली होती. मी पोचले तोवर एक गेले होते. उरलेली तीन मी गाठोड्यातून ओढून काढली, तेव्हा वहिनी रागावली. म्हणाली, "वन्सं, ही विरलेली लुगडी ठेवून करायचं काय?"

वहिनीचा प्रश्न चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. ट्रंकेत पडून राहिलेल्या लुगड्याला कसर लागते, त्यापेक्षा डबा बरा. पण त्या "करायचं काय"ला एक चांगले उत्तर आहे, आणि तेच मी आज तुम्हाला सांगणार आहे. त्या तीन लुगड्यांतून पुढे वहिनीच्याच पहिल्या नातीचा बाळंतविडा निघाला.

बाळंतविडा म्हणजे काय हे खेड्यातल्या बायकांना सांगायला नको. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, खोबरे, आळीव, बाळंतशोपा. आणि बाळासाठी झबली, टोपरी, कुंची, दुपटी, लाळेरी, लंगोट. पूर्वी यातले कापडाचे सगळे घरी शिवले जाई. आता आठवड्याच्या बाजारात तयार जोड मिळतो, चकचकीत, जाळीची झालर लावलेला, खोक्यात बसवलेला. तो घेऊन बारशाला जायला मान वाटतो, आणि हातची दोन दुपटी नेताना मन खट्टू होते. आता असे बघा, ज्याला ते घालायचे त्याला खोके दिसत नाही. त्याला फक्त अंगाला काय लागते ते कळते.

नव्या कापडाला खळ असते. ते ताठ असते, आणि पहिल्या धुण्यात आटते. जुने सुती लुगडे शेकडो वेळा धुतलेले असते. त्याची खळ गेलेली, आटायचे ते आटून झालेले, सुटायचा तो रंग सुटून गेलेला. घाम आणि ओल ते पटकन टिपते. नायलॉन-पॉलिएस्टरचे कापड ओल टिपत नाही, आणि विस्तवाची ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटते. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. शेगडी बाळापासून लांब ठेवावी, खोलीत धूर कोंडू देऊ नये हे तर झालेच. पण तिथे असले कापड मुळीच नको. पुष्कळ घरांत बाळाला पहिले काही दिवस जुनेरातच गुंडाळतात, नवे अंगाला लावत नाहीत. ही चाल कोणी कशासाठी घातली ते असो, कापडाच्या दृष्टीने ती शहाणपणाची आहे.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. लुगडी जपून ठेवताना आपण ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकतो. त्या वासाचे कपडे तान्ह्या बाळाच्या अंगाला लावू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मजात एक उणीव असते. ती वरून दिसत नाही. अशा बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेने फुटतात, आणि जोराची कावीळ होते. ती मेंदूपर्यंत इजा करू शकते, जिवावरही बेतू शकते. बाळासाठी ठेवायच्या लुगड्यांत गोळ्या घालूच नयेत. वाळवलेला कडुनिंबाचा पाला घाला, मधून मधून ऊन दाखवा.

आता लुगडे पसरा. वारभर म्हणजे 36 इंच. नऊ वारांचे एकेक वाराचे नऊ चौकोन धरा, कारण पन्हा त्याहून थोडा जास्तच असतो. लुगडे उजेडासमोर धरून बघा. जिथे बसण्या-उठण्याने ते विरले असेल तिथे उजेड आरपार येतो. समजा असे तीन चौकोन निघाले, तर ते लंगोटांना ठेवा. राहिले सहा, म्हणजे दोन पदरी तीन दुपटी. पन्ह्याची कडेची पट्टी उरते, तिच्यातून लाळेरी आणि बंद निघतात. काठ वेगळे काढून ठेवा. कापताना डोळ्यांवर विसंबू नका. कापडातले एक सूत ओढून काढा, त्याची रेघ पडते, तिच्यावरून कात्री चालवा. जुने कापड हाताने फाडू गेलात तर भलतीकडेच फाटत जाईल.

"हे सगळे खरे, पण वेळ कुठे आहे?" असे तुम्ही विचाराल. धार काढणे, भाकऱ्या, पाणी, रानातले काम, पोरांची शाळा. निवांत दोन तास मिळतील त्या दिवशी शिवायला बसू, असे म्हणणारीचे दुपटे कधी पुरे होत नाही, कारण तो दिवस उगवत नाही. मी एकदा घड्याळ समोर ठेवून पाहिले. एक हात, म्हणजे 18 इंच, धावदोरा घालायला मला दहा मिनिटे लागतात. दुपट्याच्या चार कडा मिळून 144 इंच, म्हणजे आठ हात. रोज दुपारी वीस मिनिटे दिली तर चौथ्या दिवशी कडा पुऱ्या. मग आत चार-चार बोटांच्या अंतराने धावदोऱ्याच्या ओळी घाला, म्हणजे दोन पदर एकमेकांवरून सरकत नाहीत. त्यांना आणखी दहा-बारा दुपारी धरा. तान्हे बाळ आत्याच्या मांडीवर असेल, दूध उतू जाईल, कोणी हाक मारील. धावदोरा कुठेही थांबतो आणि कुठूनही पुन्हा चालू होतो. म्हणून घरच्या शिवणाला तो बरा. शिवणयंत्र असेल त्यांनी कडा यंत्रावर खुशाल माराव्यात, त्यात कमीपणा नाही.

दोरा हातभरच घ्या. लांब दोरा घेतला की फेऱ्या वाचतात असे वाटते, पण तो पिळतो, गाठी पडतात आणि दुप्पट वेळ जातो. बाळाच्या कपड्यात गाठ मारून सुरुवात करू नये, ती टोचते. दोन पदरांच्या मध्ये एकाच जागी तीन बारीक टाके घाला, दोरा धरून राहतो. झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा, आत नको. बटन लावू नका, उसवून तोंडात जाते, बंद लावा.

कुंचीच्या बाबतीत माझीच फजिती सांगते. माझ्या भाच्याला मी पहिली कुंची केली ती नव्या कोऱ्या खणाची. खण गुळेदगुड्डच्या बाजूचा, काठ जरीचा, आणि मला त्याचा फार डौल. न धुता, आतून अस्तर न लावता, जरीचा काठ तोंडाजवळ येईल असा शिवला. बारशाच्या फोटोत भाचा राजासारखा दिसतो, पण संध्याकाळी त्याचे दोन्ही गाल जरीने घासून लाल झाले होते. माझ्या आईने काही न बोलता कुंची उसवली आणि आतून आपल्या लुगड्याचे अस्तर लावून दिले. खणाची कुंची करूच नये असे नाही. खण आधी भिजवून, वाळवून घ्यावा, आणि बाळाच्या गालाला जुनेरच लागेल असे अस्तर तोंडाच्या कडेवरून बाहेर दुमडावे.

कुंचीचे माप असे. 16 इंच रुंद आणि 24 इंच लांब तुकडा घ्या. लांबीच्या बाजूने मधोमध दुमडा, म्हणजे 8 इंच रुंदीची दुहेरी पट्टी होते. तिची वरची आखूड बाजू शिवून टाका. ती झाली डोक्याची शिवण. तिथून 8 इंच खाली गळ्याची रेघ धरा आणि पाठीमागच्या भागात चुण्या घालत 16 इंचांची रुंदी 10 इंचांवर आणा. त्या रेघेवर पट्टी शिवून दोन्ही टोकांना वीतभर बंद ठेवा. त्याखालचे कापड पाठीवर मोकळे सुटते. उरलेला सुती काठ खालच्या घेराला लावा, तिथे तो शोभतो. बाहेर नेताना, वाऱ्यात, कुंची घालावी. बाळ झोपले की कुंची काढायची, कारण बंद गळ्याला आवळू शकतात आणि कापड नाकातोंडावर येते. दुपटेही तोंडावरून घेऊ नये. आणि पाय सरळ ताणून करकचून गुंडाळू नयेत. खुब्याचा सांधा तयार होत असतो, पाय बेडकासारखे वाकवायला जागा हवी.

सुईचे तर एक स्वतंत्र प्रकरण आहे. तान्ह्या मुलाच्या घरात सुई हरवली की घर थांबते. मोजून तीन सुया ठेवा, झाकणाच्या डब्यात, आणि उठताना मोजा. पदराला सुई टोचून चुलीकडे धावण्याची सवय आपल्या सगळ्यांना आहे, ती सोडा. सुईत नेहमी दोरा ओवलेला राहू द्या, पडली तर दोरा दिसतो. तिन्हीसांजेला सुई देऊ-घेऊ नये असे जुन्या बायका म्हणत. तेव्हा दिव्याचा उजेड मिणमिणता होता, हे त्यामागचे कारण असावे असे मला वाटते.

वहिनीच्या नातीला दुपटी नेली तेव्हा तिने ती उलगडून काठावरून हात फिरवला, आणि "हे अबोली लुगडं मामंजींनी पंढरपूरहून आणलेलं," एवढेच म्हणाली. बोहारणीचा डबा तिच्याकडे अजून आहे. त्यात ती डाळे ठेवते. चौथे लुगडे कोणत्या रंगाचे होते, हे मात्र आम्हा दोघींपैकी एकीलाही आठवत नाही.

गुरुजी आणि बाई, आता तुमच्यासाठी थोडे. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि हाताच्या कामातून शिक्षण द्यावे असा विचार मांडला, हे तुम्ही जाणताच. योजना पुढे मागे पडल्या, पण एक सुई, एक चिंधी आणि पट्टी यांना कोणाच्या मंजुरीची गरज लागत नाही. पाचवीच्या मुलामुलींना, मुलग्यांनासुद्धा बरे का, आजी-आजोबांसाठी बटवा शिवायला द्या. परिमिती, अर्धा, दीडपट हे शब्द फळ्यापेक्षा इथे लवकर कळतात. दुपट्याच्या आठ हातांचे गणितही घालून पाहा.

बटव्याला 7 इंच रुंद आणि 16 इंच लांब चिंधी हवी. लांबीच्या दोन्ही टोकांना दीड-दीड इंच दुमडून शिवा; ही नाडीची घरे. राहिले 13 इंच. ते मधोमध दुमडा, उलटी बाजू वर ठेवा, आणि नाडीच्या घरांच्या खालून दोन्ही कडा शिवा. घरांची तोंडे शिवली जाऊ देऊ नका, मुले हमखास तेवढे चुकतात. उलटवून सुलटा करा. एक नाडी डावीकडून घालून दोन्ही घरांतून फिरवून डावीकडेच बाहेर काढा आणि टोके गाठवा. दुसरी तशीच उजवीकडून. मग दोन्ही गाठी विरुद्ध दिशांना ओढा. बटव्याचे तोंड मिटले नाही, तर दोन्ही नाड्या एकाच बाजूने घातल्या गेल्या आहेत. एक काढून पुन्हा ओवायला सांगा.