तंबू हटला, उपचार तुटला

सकाळी पालिकेचा ट्रक येतो. तासाभरात फुटपाथ मोकळा होतो. तंबू आणि गाद्यांबरोबर काही पिशव्याही कचऱ्यात जातात. त्यांत कधी इन्सुलिन असते, कधी फिटच्या गोळ्या, कधी दवाखान्याचे कागद.

कॅलिफोर्नियात हे चित्र नवे नाही. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी झोपण्यावर बंदी घालण्याची शहरांना मुभा दिली. पुढच्याच महिन्यात राज्यपाल गेव्हिन न्यूसम यांनी सरकारी जमिनींवरील तंबू हटवण्याचा आदेश काढला. त्यासाठी राज्याचा स्वतंत्र निधीही आहे. तंबूतल्या माणसाला घरापर्यंत पोहोचवणे, हा त्या निधीचा कागदोपत्री हेतू. पण पर्यायी जागा नसेल, तर माणूस फक्त पुढच्या पुलाखाली सरकतो.

वैद्यकीय नुकसान तिथेच सुरू होते. जखमेचे ड्रेसिंग करणारी परिचारिका ओळखीच्या कोपऱ्यावर येते, तर रुग्ण तिथे नसतो. हेपॅटायटिस सीच्या गोळ्या ८ ते १२ आठवडे न चुकता घ्याव्या लागतात. त्या अर्ध्यावर सुटतात. व्यसनमुक्तीचे ब्युप्रेनॉर्फिन बंद पडले की अनेकजण पुन्हा फेंटानिलकडे वळतात. ओळखीचे शेजारी पांगलेले असल्याने श्वास मंदावला तरी नॅलोक्सोन द्यायला जवळ कुणी नसते. अमेरिकेतील २३ शहरांवर आधारित एक गणिती अभ्यास २०२३ मध्ये ‘जामा’त प्रसिद्ध झाला. इंजेक्शनने नशा करणाऱ्या बेघरांना सतत हुसकावले, तर १० वर्षांत त्यांच्यातील साधारण १५ ते २५ टक्के मृत्यूंना ते कारणीभूत ठरू शकते, असा त्याचा अंदाज आहे.

म्हणून वस्त्या तशाच राहू द्याव्यात का? नाही. २०१७ मध्ये सॅन डिएगोत हेपॅटायटिस एची मोठी साथ आली आणि २० जण दगावले. बेघरांसाठी पुरेशी शौचालये आणि हात धुण्याची सोय नव्हती. उघड्यावरचे जगणे आरोग्यदायी नाहीच. मात्र साथ आटोक्यात आणताना रस्ते धुण्याबरोबरच हात धुण्याची केंद्रे, शौचालये आणि परिचारिकांनी वस्त्यांत जाऊन केलेले लसीकरण लागले.

राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२४ मध्ये नोंदवले, की बेघरपणावर ५ वर्षांत सुमारे २४ अब्ज डॉलर खर्च झाले, पण परिणामांची नोंद सातत्याने ठेवली गेली नाही. किती तंबू हटले हे मोजणे सोपे असते. किती जण छपराखाली गेले आणि किती जणांची औषधे चालू राहिली, हेही मोजले तरच तो पैसा आरोग्यावर खर्च झाला असे म्हणता येईल.