'मर्कॅप्टन' : पारद पकडणारा गट

आधुनिक औषधांच्या नावांत 'मर्कॅप्टो' हे उपपद आढळले की आपण बहुधा ते वाचून पुढे जातो. रसकल्प योजणाऱ्या वैद्यांनी मात्र त्यापाशी थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते. कारण हा शब्द मुळात पारदावरूनच घडलेला आहे. डॅनिश रसायनज्ञ झाइसे यांनी १८३० च्या दशकात काही उग्रगंधी, गंधकयुक्त संयुगे सिद्ध केली. ती पाऱ्याशी घट्ट संयोग पावतात, म्हणून 'पारद पकडणारे' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून त्यांनी हे नाव योजिले. कार्बनच्या अणूला जोडलेली गंधक व हायड्रोजन यांची जोडी हा या संयुगांचा क्रियात्मक गट होय. शास्त्रीय परिभाषेत आता त्यांस 'थायॉल' म्हणतात. जुने नाव व्यवहारात टिकून आहे. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम दिलेला वास इथिल मर्कॅप्टनचा असतो. (लसूण खाल्ल्यावर मुखास येणाऱ्या गंधातही याच कुळातील एक संयुग असते!)

मात्र कज्जलीतील गंधक म्हणजे थायॉल नव्हे. तेथे कार्बनचा संबंधच नाही. पारद व गंधक यांच्या मर्दनाने पाण्यात जवळजवळ न विरघळणारे मर्क्युरिक सल्फाइड बनते. थायॉल गट असतात ते रुग्णाच्या शरीरात, सिस्टीन या अमिनो आम्लाच्या रूपाने असंख्य प्रथिनांत व विकरांत. पाऱ्याचे आयन तेथे पोहोचले की या गटांना चिकटतात, विकरे निष्क्रिय होतात. वृक्कांस विशेष अपाय होतो. कज्जली निश्चंद्र होईपर्यंत मर्दन करण्याचा आग्रह या दृष्टीने पाहावा. अर्थात चमक दिसेनाशी झाली म्हणजे मुक्त पारद अणुमात्रही उरला नाही, असे केवळ डोळ्यांनी ठरविता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील परीक्षणच हवे.

विषबाधेवरील डायमरकॅप्रॉल या औषधाच्या नावातही हाच गट दडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धकाळी ते ल्यूसाइट या सोमलयुक्त विषारी अस्त्रावर उतारा म्हणून इंग्लंडमध्ये शोधले गेले. त्यातील दोन थायॉल गट धातूला विकरांपासून ओढून घेतात. रसकल्प घेणाऱ्या रुग्णास कंप, हिरड्यांचा शोथ किंवा मूत्रातून प्रथिने जाणे असे काही आढळल्यास कल्प तत्काळ थांबवून त्यास रुग्णालयात पाठवावे. सोबत कल्पाचे नाव, मात्रा व सेवनकाल लिहून द्यावा. मिथिल-पाऱ्याच्या विषबाधेत डायमरकॅप्रॉल वर्ज्य आहे. म्हणून पोटात गेलेला पारा कोणत्या रूपातील होता, हे तेथील डॉक्टरांस कळणे आवश्यक असते.