हरवलेल्या स्मार्टफोनचा शोध व माहितीची पुनर्प्राप्ती

हरवलेल्या स्मार्टफोनचा शोध आणि त्यातील माहितीची पुनर्प्राप्ती या परस्परांशी निगडित, परंतु तांत्रिकदृष्ट्या भिन्न प्रक्रिया आहेत. पहिलीत हरवलेला किंवा चोरीला गेलेला संच शोधून परत मिळवला जातो; दुसरीत त्यातील छायाचित्रे, संपर्क, संदेश इत्यादी माहिती पुन्हा उपलब्ध केली जाते. संच सापडला तरी पुसलेली माहिती परत मिळेलच असे नाही. याउलट, संच कायमचा गेला तरी बॅकअप असल्यास माहिती नव्या संचावर आणता येते.

ओळख क्रमांक

प्रत्येक मोबाइल संचाला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. त्यातील पहिले ८ अंक संचाचा प्रकार दर्शवतात, पुढील ६ अंक अनुक्रमांक असतात आणि शेवटचा अंक पडताळणीसाठी असतो. दोन सिमकार्डांच्या संचाला असे दोन क्रमांक असतात. सिमकार्ड बदलल्याने किंवा संचातील सर्व माहिती पुसल्याने हा क्रमांक बदलत नाही. तो *#०६# डायल केल्यावर पडद्यावर दिसतो, तसेच संचाच्या खोक्यावर छापलेला असतो. संच हरवल्यानंतर पहिला मार्ग बंद होत असल्याने खोके आणि खरेदीची पावती जपून ठेवणे उपयुक्त ठरते.

स्थाननिश्चिती

अँड्रॉइड संचांसाठी गूगलची ‘फाइंड हब’ (पूर्वीचे नाव ‘फाइंड माय डिव्हाइस’) आणि आयफोनसाठी ॲपलची ‘फाइंड माय’ या सेवा वापरल्या जातात. जीपीएस, वाय-फाय आणि मोबाइल मनोऱ्यांच्या आधारे संचाचे स्थान ठरवून ते मालकाच्या खात्यात नकाशावर दाखवले जाते. त्यासाठी सामान्यतः संच चालू आणि इंटरनेटशी जोडलेला असावा लागतो. अलीकडच्या संचांत इंटरनेट नसतानाही ब्लूटूथ संकेत प्रसारित होतात व जवळून जाणारी इतरांची उपकरणे ते टिपून स्थान कळवतात. ही सोय संच हरवण्यापूर्वीच सुरू असावी लागते.

दूरस्थ कुलूप आणि पुसणे

याच सेवांद्वारे संचाला दुरून कुलूप लावता येते, पडद्यावर संपर्क क्रमांक दाखवता येतो किंवा सर्व माहिती पुसण्याची आज्ञा देता येते. ही आज्ञा संच इंटरनेटशी जोडला गेल्यावर अमलात येते आणि नंतर मागे घेता येत नाही. अँड्रॉइड संच पुसल्यानंतर या सेवेतून त्याचे स्थान दिसत नाही. त्यामुळे आधी कुलूप लावणे, स्थानाची नोंद घेणे आणि संच परत मिळण्याची आशा नसल्यास शेवटी माहिती पुसणे, असा क्रम सोयीचा मानला जातो.

ॲपलने २०१३ मध्ये आयओएस ७ सोबत ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ आणले. अँड्रॉइडमध्ये तशीच सोय आवृत्ती ५.१ पासून आहे. यामुळे पुसलेला संचही मूळ मालकाच्या खात्याशिवाय पुन्हा सुरू करता येत नाही. हे कुलूप काढण्यासाठी ‘आपला फोन सापडला आहे’ अशा मजकुराचे बनावट संदेश पाठवून मालकाकडून संकेतशब्द मिळवण्याचे प्रकार घडतात.

भारतातील व्यवस्था

भारतात दूरसंचार विभागाच्या केंद्रीय उपकरण ओळख नोंदवहीद्वारे (सीईआयआर) हरवलेला संच देशभरातील मोबाइल जाळ्यांवर बंद करता येतो. ही व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथम महाराष्ट्रात प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ संकेतस्थळासोबत देशभर लागू झाली. मालकाला पोलिसांत तक्रार नोंदवून, त्याच क्रमांकाचे नवे सिमकार्ड घेऊन, तक्रारीची प्रत, आयएमईआय क्रमांक आणि ओळखपत्र यांसह विनंती करावी लागते. बंद केलेल्या संचात कोणी दुसरे सिमकार्ड घातल्यास त्याचा माग पोलिसांना मिळू शकतो. संच परत मिळाल्यावर तो पुन्हा सुरू करून घ्यावा लागतो. दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार दूरसंचार ओळख क्रमांकात फेरफार करणे हा दंडनीय गुन्हा आहे. हरवलेल्या फोनवरून आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार करता येते.

पुसलेली माहिती

जुन्या संगणकांत व मेमरी कार्डांत फाइल पुसली तरी बहुधा केवळ तिची सूचीतील नोंद निघते. त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर विशेष सॉफ्टवेअरने वाचता येतो. आधुनिक स्मार्टफोनमध्ये मात्र साठवलेली माहिती कूटबद्ध असते. अँड्रॉइड १० पासून सर्व नव्या संचांसाठी हे अनिवार्य झाले. संपूर्ण संच पुसताना कूटबद्धीकरणाच्या किल्ल्या नष्ट केल्या जातात. मागे उरलेली अक्षरे किल्लीविना अर्थहीन ठरतात. म्हणून अशा संचातून ‘सर्व माहिती परत मिळवून देऊ’ हा दावा विश्वासार्ह नसतो. चोराला माहिती मिळू न देणारी हीच रचना मालकालाही ती परत मिळू देत नाही.

बॅकअपमधून पुनर्स्थापना

अशा वेळी बॅकअप हाच व्यवहार्य मार्ग उरतो. गूगल खाते किंवा आयक्लाउडमधील प्रत नवा संच सुरू करताना उतरवून घेता येते. केवळ चुकून पुसलेली छायाचित्रे काही काळ कचरापेटीत राहतात: आयफोनवर साधारण ३० दिवस आणि गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेली ६० दिवस. व्हॉट्सॲपचे संभाषण परत आणण्यासाठी तोच मोबाइल क्रमांक लागतो. बॅकअप संकेतशब्दाने कूटबद्ध केला असल्यास तो संकेतशब्दही आवश्यक असतो.

अनेक खात्यांची पडताळणी हरवलेल्या फोनवरच येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाने होत असल्याने, बॅकअप असूनही मालक खात्याबाहेर अडकू शकतो. त्यासाठी खात्याचे राखीव सांकेतिक क्रमांक कागदावर लिहून फोनपासून वेगळे ठेवले जातात.