शेवाळावर औषध नाही

गोड्या पाण्याची फिशटँक आपल्याकडे आता नवलाईची राहिलेली नाही. डॉक्टरांच्या दवाखान्यात, हॉटेलच्या गल्ल्याशेजारी गोल्डफिश फिरताना सगळ्यांनीच पाहिले आहेत. खाऱ्या पाण्याची आणि त्यातही जिवंत प्रवाळं वाढवायची टाकी हे मात्र वेगळं प्रकरण आहे. अमेरिकेत आणि युरोपात हा मोठा छंद आहे आणि तिथे स्थायिक झालेल्या आपल्या काही मुलामुलींनाही तो लागला आहे. आईवडील तिकडे जातात, बैठकीच्या खोलीतला तो रंगीत समुद्र पाहून हरखतात. पुढच्या खेपेला जावं, तर दगडांवर हिरवे केस वाढलेले, काचेवर तपकिरी साय धरलेली आणि जांभळी-गुलाबी प्रवाळं बुडख्याकडून पांढरी पडत चाललेली. मग सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: यात औषध कोणतं टाकायचं?

उत्तराकडे जाण्याआधी एक खुलासा करतो, कारण हे ऐकून कुणाला इथेच अशी टाकी मांडायची हौस येईल. आपल्या देशात सगळी पाषाणी प्रवाळं, काळी प्रवाळं आणि समुद्रपंखे यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं गेलं. म्हणजे वाघाच्याच रांगेत. घरात ठेवणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन ते सात वर्षं कैदेची शिक्षा आहे. दुकानदार ‘परदेशातून आणलंय’ म्हणाला तरी हात लावू नये. तेव्हा पुढचं सगळं, जिथे हा छंद कायदेशीर आहे तिथल्या टाकीबद्दल.

प्रवाळ हा दगड नाही आणि झाडही नाही. तो प्राणी आहे. गव्हाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान शेकडो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि अंगाखाली चुन्याचं घर बांधत जातात. त्यांच्या पेशींमध्ये सूक्ष्म एकपेशीय शेवाळ वस्तीला असतं. ते उजेडावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा मालकाला देतं. प्रवाळाचा रोजचा घास बहुतांशी तिथूनच येतो. म्हणजे ज्या शेवाळाच्या नावानं आपण बोटं मोडतो, त्याच्याच एका भाऊबंदावर प्रवाळाचा प्रपंच चाललेला असतो. म्हणूनच शेवाळ मारण्याचा उपाय प्रवाळाच्या अंगावर येतो.

आपल्याकडे तळ्यातलं शेवाळ मारायला मोरचूद टाकतात. प्रवाळाच्या टाकीत मोरचुदातलं तांबं हे विष आहे. गोगलगाई, कोळंबी, प्रवाळं सगळी त्यानं जातात. शिवाय ते तांबं वाळूत आणि दगडात मुरून बसतं आणि पुढे कितीतरी दिवस थोडं थोडं सुटत राहतं.

मग शेवाळ येतं कुठून? शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. नत्र आणि स्फुरद मिळालं, ऊन मिळालं की पिकाआधी तण वाढतं. पंचगंगेत किंवा मुळा-मुठेत जलपर्णी का माजते, तेही आपल्याला ठाऊक आहे. टाकीतही तेच. नत्र नायट्रेटच्या रूपात आणि स्फुरद फॉस्फेटच्या रूपात पाण्यात असतं. एक साधा हिशेब करून पाहू. चारशे लिटरच्या टाकीत लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम फॉस्फेट ही छंदिष्टांनी मानलेली वरची मर्यादा धरली, तर अख्ख्या टाकीत मिळून फॉस्फेट झालं ४० मिलिग्रॅम. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण एक टक्का स्फुरद धरलं, तर एका ग्रॅमातून फॉस्फेटच्या हिशेबानं ३० मिलिग्रॅम पाण्यात येऊ शकतं. एक ग्रॅम म्हणजे लहानशी चिमूट. पाहुण्यांच्या मुलांनी कौतुकानं तीनदा खायला घातलं, की त्या दिवशीचं खत पडलं.

इथे एक चकवा आहे. पाण्याची तपासणी करावी, तर बऱ्याचदा फॉस्फेट शून्य दाखवते. माणूस चक्रावतो. अहो, पासबुकात शिल्लक शून्य आहे म्हणजे पगार आला नाही असं थोडंच असतं? पगार आला आणि त्याच दिवशी खर्च झाला. दगडावरच्या हिरव्या केसांनी ते फॉस्फेट आधीच खाल्लेलं असतं. तपासणी फक्त उरलेलं मोजते. तेव्हा आकडा आणि डोळा दोन्ही वापरायचे, आणि दोघांत भांडण झालं तर मी डोळ्याच्या बाजूनं उभा राहीन.

शेवाळ प्रवाळाला मारतं कसं, हेही जाणून घेण्यासारखं आहे. ते वर वाढून सावली करतं, हे खरंच. पण तेवढंच नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोचे फॉरेस्ट रोहवर आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शेजारी-शेजारी दोन कप्पे, एकात शेवाळ, दुसऱ्यात प्रवाळ आणि मध्ये इतकी बारीक गाळणी की तिच्यातून जंतूसुद्धा जाऊ नये, फक्त विरघळलेले पदार्थ जावेत. प्रवाळं मेली. पाण्यात प्रतिजैविक घातलं, तेव्हा ती जगली. म्हणजे शेवाळातून झिरपणाऱ्या साखरेसारख्या पदार्थांवर प्रवाळाच्या अंगावरचे जिवाणू माजतात, तिथला प्राणवायू संपवतात आणि प्रवाळ गुदमरतं. यावरून कुणी टाकीत प्रतिजैविक ओतू नये. प्रयोगशाळेतल्या भांड्यात माशांचा मैला पचवणारे जिवाणू जपायचे नव्हते, टाकीत ते जपायचे असतात.

मग करायचं काय? पहिली चौकशी पाण्याची. बाष्पीभवनानं कमी झालेलं पाणी रोज भरावं लागतं आणि तिथेच चोरवाट असते. घरगुती आरओचं पाणी पिण्याला उत्तम, टाकीला पुरेसं नाही. त्यानंतर रेझिनचा आणखी एक टप्पा लागतो आणि क्षार मोजणाऱ्या मीटरवर शून्य दिसावं लागतं. रेझिन संपलेलं असतं आणि महिनोन् महिने कुणी पाहिलेलं नसतं, ही अगदी नेहमीची गोष्ट. दुसरी चौकशी खाण्याची. गोठवलेलं खाद्य वितळल्यावर त्याचं पाणी टाकीत न ओतता गाळून टाकावं. तिसरी चौकशी चरणाऱ्यांची. शंखाच्या गोगलगाई, सर्जन मासे, काटेरी सी-अर्चिन हे टाकीतले गुराखी नव्हेत, गुरं आहेत आणि ती नसली तर कुरण माजणारच. लांब वाढलेलं शेवाळ आधी हातानं उपटून बाहेर काढावं, कारण ते खाल्लेलं फॉस्फेट सोबत घेऊन जातं. औषधानं जागेवर मारलं तर तेच फॉस्फेट परत पाण्यात. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणं, बस्स.

शेवाळानंच शेवाळाचा बंदोबस्त करायची युक्तीही जुनी आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी १९८० साली प्रवाळांची मोठी टाकी मांडली. तिचं पाणी ते जाळ्यांवर मुद्दाम वाढवलेल्या शेवाळावरून फिरवत आणि ते शेवाळ वेळोवेळी खरवडून काढत. आज घरोघरचे छंदिष्ट खालच्या छोट्या टाकीत दिव्याखाली शेवाळाचा गोळा वाढवतात, तो याच विचाराचा धाकटा भाऊ.

आता दुसरं टोक. एवढं ऐकून उत्साही माणूस फॉस्फेट शोषणारी लोहाची पूड भरभरून घालतो आणि चार दिवसांत सगळं शून्यावर आणतो. हिरवे केस जातात. पण आता प्रवाळाच्या पेशीतलं शेवाळही उपाशी, प्रवाळं फिकट पडतात, आणि वाळूवर बुडबुडे धरलेला चिकट तपकिरी शेंबडासारखा थर येतो. हे डायनोफ्लॅजेलेट. प्रवाळाच्या पोटातल्या शेवाळाची भावकी. स्वच्छतेच्या हव्यासापायी ओढवलेलं हे संकट हिरव्या केसांपेक्षा चिवट असतं. म्हणून फॉस्फेट ०.०३ ते ०.१ आणि नायट्रेट २ ते १० मिलिग्रॅमच्या दरम्यान असावं, शून्य नको.

आणि कित्येकदा प्रवाळं मरण्यात शेवाळाचा हात नसतोच. चुन्याचं घर बांधायला कॅल्शियम आणि बायकार्बोनेट लागतं, म्हणजे खाण्याच्या सोड्याच्या घराण्यातलंच. त्याचं माप आज आठ, उद्या अकरा, परवा सात असं हेलकावे खात असेल, तर नाजूक प्रवाळं बुडख्याकडून कातडी टाकतात. मग उघड्या पडलेल्या सांगाड्यावर शेवाळ येऊन बसतं आणि खुनाचा आळ त्याच्यावर येतो. गिधाड दिसलं म्हणून त्यानंच गाय मारली असं आपण म्हणत नाही.

काचेत जे घडतं ते समुद्रातही घडलेलं आहे. जमैकाच्या किनाऱ्यावर मासे बेसुमार पकडले गेले होते आणि चरण्याचं काम काळ्या लांब काट्यांच्या सी-अर्चिनवर येऊन पडलं होतं. १९८३-८४ मध्ये रोगाची साथ आली आणि कॅरिबियन समुद्रातले हे बहुतेक सगळे प्राणी मेले. १९८० च्या वादळानं आधीच मोडलेल्या प्रवाळांवर शेवाळाचं रान उठलं. १९७० च्या दशकाअखेरीस निम्म्याहून जास्त तळ जिवंत प्रवाळांनी झाकलेला होता, तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्क्यांच्याही खाली आला. आपल्या मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवरही प्रवाळं आहेत. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. तिथे जाळ्यात काय सापडतं आणि गटारातून काय वाहतं, हा हिशेब टाकीतल्यासारखाच आहे. फरक इतकाच, की तिथलं पाणी आपल्याला बदलता येत नाही.

नळ मात्र बंद करता येतो. हवाईतल्या ओआहू बेटावर कानिओहे नावाचा उपसागर आहे. तिथे वर्षानुवर्षं सांडपाणी सोडलं जाई आणि फुग्यांसारखं एक हिरवं शेवाळ प्रवाळांवर गाद्यांसारखं पसरलं होतं. १९७७-७८ मध्ये ते सांडपाणी बाहेरच्या खोल समुद्राकडे वळवण्यात आलं. पहिल्या काही वर्षांत शेवाळ बरंच ओसरलं, पण गेलं नाही. गाळात साठलेलं खत, चरणाऱ्या माशांची वाण, यांवर ते तग धरून राहिलं. २००६ साली तिथे कित्येक आठवडे ढगाळ हवा आणि पाऊस लागून राहिला, ऊन मिळेना, आणि त्या मोसमात ते शेवाळ एकदाचं नाहीसं झालं. नळ बंद केल्याला तेव्हा जवळजवळ तीस वर्षं झाली होती.