चेंबरपासून रंकाळ्यापर्यंत: सोसायटीच्या कमिटीविषयीचे गैरसमज

वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते. रविवारी सकाळी आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनचं पाणी जातं त्या जाळीवर, बादलीभर केशरी पाणी ओतलं. जिलेबीला घालतात तोच रंग. खाली दोघेजण ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण पहारीने उचलून बसले होते आणि एक पोरगं कंपाउंडबाहेर गटाराच्या कडेला उभं होतं. चेंबरमध्ये रंग आलाच नाही. पोरगं तेवढ्यात ओरडलं, "काका, हिकडं आलंय!"

गटारातून ते पाणी नाल्याला आणि नाला कोल्हापूरच्या रंकाळा तळ्याकडे. इमारत बांधताना मागच्या बाल्कन्यांचं पाणी पावसाच्या पाइपला जोडून दिलेलं होतं. सोळा घरांचा साबण इतकी वर्षं तळ्याच्या दिशेने जात होता. आणि आम्हीच दरवर्षी हातमोजे घालून रंकाळ्याच्या स्वच्छता मोहिमेला जात होतो, मनापासून जात होतो.

"तळं महापालिकेचं, त्यात आपण काय करणार?" हा आमच्या भागातला सगळ्यात पक्का गैरसमज. त्यातला पहिला भाग खरा आहे. रंकाळ्याची देखभाल महापालिकेकडे आहे आणि केंद्राच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेतही त्याचा समावेश झाला होता. कोणत्याही सोसायटीने उठून तळ्यात औषध टाकावं, मासे सोडावेत, काठ खोदावा, असा अधिकार तिला नाही. पण कंपाउंडच्या आतली प्रत्येक पाइप आणि प्रत्येक चेंबर सोसायटीच्या ताब्यात असतं. श्याम सोसायटीचा नाला, देशमुख हॉलचा नाला ही नावं कोल्हापूरकरांना रंकाळ्याच्या प्रदूषणाच्या बातम्यांमुळे पाठ झाली आहेत. नाल्याला पाणी घराघरांतून मिळतं.

दुसरा गैरसमज जलपर्णीचा. जांभळ्या फुलांचा तो हिरवा गालिचा काढला की तळं स्वच्छ झालं, असं वाटतं. कोल्हापूरकरांनी श्रमदानाने ट्रॉल्या भरभरून जलपर्णी काढली आहे आणि ते काम मोठंच होतं. तरी ती परत येते. तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं, आणि हवामान व खाद्य मिळालं की साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. हे खाद्य म्हणजे नत्र आणि स्फुरद. ते मैल्यातून, साबणाच्या पाण्यातून, निर्माल्यातून येतं. खाद्य चालूच ठेवून जलपर्णी तेवढी काढली, तर मोकळ्या झालेल्या पाण्यात ऊन शिरतं आणि तेच खाद्य खाऊन सूक्ष्म शेवाळ माजतं. मग पाणी पोपटी रंगाचं, दाट होतं. रंकाळ्याचं असं पाणी आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

त्या पोपटी पाण्याला कुणी नुसतं 'शेवाळ धरलंय' म्हणून सोडून देऊ नये. रंकाळ्यात वाढणारं मायक्रोसिस्टिस हे निळं-हिरवं शेवाळ यकृताला घातक असं विष तयार करू शकतं. काठावर म्हशी पाणी पितात, मुलं हात घालतात. शिवाय दिवसा प्राणवायू देणारं हे शेवाळ रात्री तो ओढून घेतं, मेलेलं शेवाळ कुजतानाही प्राणवायू खर्च होतो, आणि पहाटे मासे वर तरंगलेले दिसतात. अशा वेळी 'कुणीतरी विष टाकलं' अशी बोलवा उठते. पुष्कळदा मासे गुदमरून मेलेले असतात.

विसर्जनाबद्दल मात्र शहराने खरोखर बदल करून दाखवला. गणपती रंकाळ्यात न सोडता शेजारच्या इराणी खणीत सोडायचे, हे आता बहुतेकांच्या अंगवळणी पडलं आहे. खणीत सोडल्याने मूर्तींचं प्लास्टर विरघळतं असं नाही. त्रास तळ्याऐवजी एका जागी राहतो आणि मूर्ती बाहेर काढता येतात, इतकंच.

आता पाइप बदलायची म्हणजे खर्च आला. इथून आमची खरी परीक्षा सुरू झाली, कारण आमच्या कमिटीची पाच वर्षांची मुदत कधीच संपली होती आणि निवडणूक कुणी घेतलीच नव्हती. ज्या जिल्ह्यात गोकुळ दूध संघाची निवडणूक लागली की गावोगावच्या कट्ट्यांवर दुसरा विषय नसतो, तिथे स्वतःच्या इमारतीच्या निवडणुकीला अर्ज भरायला माणूस मिळत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. दूध आणि साखर सहकाराने उभी केलेली आपण माणसं.

"निवडणूक सरकार घेतं, त्यांचं पत्र आलं की बघू," असं आमचे चेअरमन म्हणत होते. पूर्वी राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणामार्फतच सगळं व्हायचं, त्यामुळे हा समज रुजला. २०१९ साली १९६० च्या सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं आणि आता २५० पर्यंत सभासद असलेल्या संस्था आपली निवडणूक आपणच घेतात. उभा न राहणारा सभासदही निवडणूक अधिकारी होऊ शकतो. पत्राची वाट बघत बसलात तर ते येणार नाही; आलंच तर निबंधकांनी प्रशासक नेमल्याचं येईल.

मतांवरून तर भांडणंच होतात. ज्यांचे दोन फ्लॅट आहेत ते दोन मतं मागतात. सोसायटीत माणूस मोजतात, फ्लॅट मोजत नाहीत: एका सभासदाला एकच मत. "आमचे हे पुण्याला असतात, मी त्यांच्या वतीनं हात वर करते," हेही नुसतं तोंडी चालत नाही. मत पहिलं नाव असलेल्या सभासदाचं. तो हजर नसेल तर सहसभासदाला मत देता येतं, पण त्याआधी सहसभासद म्हणून नाव रीतसर नोंदलेलं हवं, सभासदाची लेखी संमती हवी. म्हणून घर घेतानाच दोघांची नावं लावावीत असं मी प्रत्येक नव्या बिऱ्हाडाला सांगतो. भाडेकरूला मत नाही, मग तो दहा वर्षं राहिलेला असो. थकबाकीदाराला कमिटीवर उभं राहता येत नाही. चेअरमनही थेट निवडून येत नाही. सभासद कमिटी निवडतात आणि कमिटी आपल्यातून चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार ठरवते. आणि कमिटीत महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. आमच्याकडे त्या नुसत्या कागदावर भरल्या जायच्या.

हे सगळं शेजारच्या इमारतीला लागू पडेलच असं नाही, आणि कोल्हापुरात इथेच मोठा घोळ होतो. गेटवर 'अपार्टमेंट' लिहिलेलं असतं आणि आत सगळे 'सोसायटी' म्हणतात. घोषणापत्र करून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली आलेली इमारत ही सहकारी संस्था नव्हे. तिथे मताचं वजन सहसा प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्यावर ठरतं. मोठ्या फ्लॅटचं मत मोठं. आपली इमारत कोणती हे खरेदीखतात बघून घ्यावं. आमच्या शेजाऱ्यांनी आमची नियमावली झेरॉक्स करून नेली होती, ती त्यांच्या उपयोगाची नव्हती.

"एकदा कमिटी निवडली की ती करेल ते," हाही गैरसमजच. अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा. ती वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, आणि पाइप बदलण्यासारखा खर्च तिथेच मंजूर होतो. कमिटीतली माणसं पगारी नाहीत. नोकरीवरून आल्यावर रात्री हिशेब लिहिणारी माणसं आहेत ही. त्यांना विचारायचं ते सभेत विचारावं, जिन्यात नव्हे.

एका पाइपसाठी एवढं का? कपिलतीर्थ तळं होतं तिथे आज मंडई आहे. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, आणि जोराचा पाऊस झाला की तिथे अजून पाणी साठतं. तळ्यांच्या या शहरात कितीतरी तळी भराव घालून संपली. पिण्याच्या पाण्यासाठी संस्थानाने बांधलेलं कळंबा तळं आणि रंकाळा यांसारखी मोजकीच उरली, म्हणून मला पाइपचा विषय लहान वाटत नाही.

आमची निवडणूक ऑगस्टमध्ये झाली. महिलांच्या दोन्ही जागांसाठी या वेळी खरोखर अर्ज आले, आणि निवडून आलेल्या एका ताईंनी पहिल्याच बैठकीत प्लंबरची तीन दरपत्रकं टेबलावर ठेवली. सप्टेंबरच्या सभेत ठराव झाला. एकाने विरोध केला, "पावसाचं पाणीपण ड्रेनेजलाच जोडा, कटकट नको." ते केलं नाही. पावसाचं पाणी मैल्याच्या वाहिनीत सोडलं की भर पावसात ती तुंबते, रस्त्यावरचे चेंबर उफाळतात आणि सगळा मैला शेवटी नाल्यालाच मिळतो. दोन पाइप वेगळ्याच राहिल्या पाहिजेत.

दिवाळीनंतर काम पुरं झालं. पुन्हा रविवार, पुन्हा बादलीभर केशरी पाणी. पोरगं गटारापाशी बराच वेळ उकिडवं बसून राहिलं. या वेळी चेंबरवरच्या माणसाने हात वर केला.